तक्त्यावरची शेवटची ओळ

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका सोमवारी सकाळी, बीदरजवळच्या नौबादच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आईनं भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ उजव्या डोळ्यानं न चुकता वाचली. त्या डोळ्यात मोतीबिंदू होता. दुपारी तिला ऑपरेशनची तारीख न देता घरी पाठवण्यात आलं.

ऑपरेशन करून घ्यायचं हे तिनं स्वतः ठरवलं होतं. मी तेव्हा कलबुर्गीला एका कानडी दैनिकाच्या डेस्कवर होते, आजही आहे. फाल्गुनात तिचा फोन आला. "डोळे करायचेत. आषाढाच्या आधी. रजा काढ," एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

आषाढाची मुदत विहारातून आली होती. चिंताकीला आमच्या वस्तीत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. माझ्या लहानपणी वाचणारे सगळे पुरुष होते. आई लग्न होऊन या वस्तीत आली तेव्हा तिला सही करता येत नव्हती. मी अंगणवाडीत जायला लागले त्या काळात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. वर्गाला नाव घातलेल्या बायकांपैकी बहुतेकजणी सहीपर्यंत पोचल्या आणि थांबल्या. आई थांबली नाही. जोडाक्षरं यायला लागल्यावर ती दुकानाच्या पाट्या, खताची पोती, एसटीच्या काचेवरचे फलक, जे दिसेल ते मोठ्यानं वाचत असे. पुढं काही वर्षांनी ग्रंथ वाचणारे वस्तीतले एक आजोबा वारले आणि त्या साली आसनावर बसायला कुणी पुढं येईना, तेव्हा ती जाऊन बसली. कुणी उठवलं नाही. त्यानंतर दर वर्षावासात तीच बसत आली.

शेत तिनं बटईला, अर्ध्या वाट्यानं, दिलं होतं. म्हैस विकली होती. आसन मात्र तिनं कुणाला दिलं नव्हतं.

गेल्या वर्षावासाच्या अखेरीस एक गोष्ट घडली. मी तिथं नव्हते, पण वस्तीतल्या चौघांनी ती मला वेगवेगळी सांगितली आणि चौघांचं सांगणं जुळलं. वाचता वाचता आईनं पान उलटलं, ती एकाऐवजी दोन पानं उलटली गेली. वाचन मात्र तुटलं नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या निवृत्त गुरुजींच्या ते लक्षात आलं. वस्तीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलेलं आहे आणि चूक दिसली की न बोलता राहणं त्यांना जमत नाही.

"अक्का," ते म्हणाले, "पानं दोन उलटली अन वाचन हाय तिथंच चाललंय. मग पुस्तक कामून धरलाव हातात? नुस्तं म्हणा की."

लोक हसले. आई म्हणाली, "गुरुजी, तुमी ऐकायला आलाव का पानं मोजायला?"

त्यावरही लोक हसले, पण बोलणं तिथं संपलं नाही. फाल्गुनात विहाराच्या बैठकीत ठरलं की आषाढापर्यंत अक्कांचे डोळे नीट झाले तर ठीक, नाहीतर वस्तीतल्या सुनांपैकी कुणीतरी वाचावं. ग्रंथ हातात धरून पाठ म्हणणं हे वाचन नव्हे, असं गुरुजींचं म्हणणं होतं.  त्यावर आईनं मला फोन केला.

त्या सोमवारी आम्ही पहिल्या बसनं औरादला आणि तिथून बीदरला गेलो. बसमध्ये तिनं आधार कार्ड दाखवून कर्नाटकातलं बायकांचं फुकट तिकीट घेतलं आणि खिडकीशी बसली. एरवी ती वाटेतले फलक वाचते. त्या दिवशी वाचले नाहीत.

दवाखान्यात डोळे तपासण्याची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. दाराला पडदा होता, पण पंख्याच्या वाऱ्यानं तो सारखा बाजूला होई आणि आतलं बोलणं बाकावर स्पष्ट ऐकू येई. आत तपासणारी एक मुलगी होती, विशीतली, हुमनाबादकडची. ती कानडी बोले, मराठीही बोले, आणि म्हाताऱ्या माणसांशी दोन्ही मिसळून बोले. समोरच्या भिंतीवर दिव्याची पेटी होती. तिच्यावर ती तीन तक्ते आलटूनपालटून लावायची. एक कानडी अक्षरांचा, एक नागरी अक्षरांचा. तिसऱ्यावर अक्षरं नव्हती. फणीचे तीन दात असावेत तशी एकच खूण वर, खाली, डावीकडं, उजवीकडं तोंड करून लहान लहान होत गेली होती. दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. निरक्षरांसाठी तो तक्ता.

बाकावर आईच्या शेजारी बीदरच्या जुन्या शहरातला एक म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, हातात काठी. त्याची तपासणी झालेली होती आणि तो डॉक्टरांच्या बोलावण्याची वाट पाहत होता.

"अम्मा, डरो नक्को," तो आईला म्हणाला. "यां का इम्तिहान उलटा है. पास हुए सो घर कू जाते, फेल हुए सो टेबल पो जाते."

"तुमी काय झालाव?" आईनं विचारलं.

"मैं तो पूरा फेल. कांटे वाला तख्ता लगाई बच्ची. मैं बोला, हमारा उर्दू का किधर है? बोली, नै है चाचा. तो मैं बी हाथ हिला को आया."

आई हसली. नंतर हसायची थांबली आणि पडद्याकडं कान देऊन बसली.

आमच्या पुढं तिघं होते. पहिला भालकीकडचा शेतकरी, नागरी तक्त्यावर तिसऱ्या ओळीत अडकला. दुसरी उदगीरहून आलेली कॉलेजातली मुलगी. तिचा डोळा नुसता लाल झाला होता. तिनं सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत एका दमात वाचला, मग दुसऱ्या डोळ्यानं पुन्हा वाचला. तिसरे एक दुकानदार होते, त्यांनीही शेवटची ओळ सोडून सगळं वाचलं. आईचे ओठ हलत होते. मला वाटलं ती तोंडातली सुपारी घोळवते आहे.

तिचा नंबर आला. मी सोबत आत गेले. तपासणाऱ्या मुलीनं आईकडं एकदा पाहिलं. नऊवारी, हातावरचं गोंदण, भेगाळलेली टाच. पेटीवरचा नागरी तक्ता काढून तिनं खुणांचा तक्ता लावला.

"अज्जी, इकडं बसा. हा डोळा झाका. बघा, काटे कुठल्या बाजूला हायत ते हातानं दाखवा."

आईनं डोळा झाकला नाही.

"हात कामून दाखवू? तोंड हाय की मला."

"तोंडानं सांगा मग. वर, खाली..."

"वर-खाली न्हाई. अक्षरं लाव."

"येतात का अज्जी, अक्षरं?"

"लाव तर."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं नागरी तक्ता परत लावला. आईनं डावा डोळा झाकला आणि वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. प्रत्येक अक्षर वेगळं, ठाम, विहारात वाचते त्या आवाजात. शेवटच्या ओळीपाशी मुलगी खुर्चीवरून थोडी पुढं झुकली. आईनं शेवटची ओळ वाचली. मग उजवा डोळा झाकून पुन्हा सगळं वाचलं.

"भारी हाय अज्जीची नजर," मुलगी म्हणाली आणि कागदावर आकडे लिहिले.

बाहेर म्हातारा म्हणाला, "पास हुए क्या, अम्मा?"

"हौ," आई म्हणाली. "पूरा."

"गए फिर घर कू," तो म्हणाला.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी यंत्रातून आईचे डोळे पाहिले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि डाव्यात सुरुवात आहे, हे त्यांनी सांगितलं. मग कागद पाहिला, पुन्हा यंत्रात पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. मोतीबिंदू दिसतो तेवढी नजर उतरलेली नाही, असं कधीकधी होतं, असं त्या म्हणाल्या. शेवटची ओळ दिसणाऱ्या डोळ्याला हात लावायची घाई नको. थेंब लिहून देते. दिवाळीनंतर दाखवा.

 दिवाळी आश्विन पौर्णिमेच्या नंतर येते.

बीदरच्या बसस्थानकावर आम्ही औरादच्या फलाटाशी उभ्या होतो. एक बस येऊन लागली. काचेवर कानडीत आणि मराठीत गावाचं नाव होतं, हातभर मोठ्या अक्षरांत.

"कुठली हाय गं ही?" आईनं विचारलं.

"तूच वाच."

"सांग की."

"शेवटची ओळ वाचलीस ना मघाशी? ती नखाएवढी होती."

ती बसकडं पाहत राहिली. बस भालकीची होती. ती निघून गेल्यावर आई म्हणाली, "वाचली न्हाई. म्हणली."

मी काही विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. उदगीरच्या पोरीनं सगळा तक्ता दोनदा म्हटला, दुकानदारानं शेवटची ओळ सोडून एकदा. एवढ्यात पाठ व्हायला काय लागतं. ग्रंथ एवढा मोठा पाठ आहे.

"अगं, पण तिथं वाचता येत नाही हेच सांगायला गेलो होतो आपण."

"दिसत न्हाई म्हणून सांगायला गेलतो. येत न्हाई म्हणून न्हाई." तिनं पदर डोक्यावर घेतला. "त्या पोरीनं इचारलं का मला? एकदा तरी? नुस्तं पायाकडं बघितली अन काटे लावली. म्हातारी हाय, शेतातली हाय, म्हणजे हात हलवंल. मी न्हाई हात हलवत."

"मग अक्षरं लावल्यावर तरी दिसत नाही म्हणायचंस."

"अक्षरं लाव म्हणले. ती म्हणली येतात का. अन मग मी गप बसू? ती काय समजली असती?"

ती काय समजली असती ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी म्हणाले, परत जाऊ, डॉक्टरांना सांगू, दहा मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, मी खोटी पडते. मी म्हणाले, मी सांगते, तू बोलू नको. ती म्हणाली, "तू पेपरात बोल. माझ्या डोळ्याचं मी बोलंन." औरादची बस आली, तेव्हा तिनं मला न विचारता कंडक्टरला विचारलं आणि चढली.

मंगळवारी मी कलबुर्गीला परतले.

पुढचे दोन आठवडे काय झालं ते शेजारच्या काकूंनी सांगितलं. आई रोज दुपारी, ऊन अंगणात सरळ पडतं तेव्हा, निळ्या कापडातून ग्रंथ काढून उंबऱ्यावर बसायची. पुस्तक कधी नाकाशी न्यायची, कधी हात लांब करून धरायची. काकूंना वाटलं ती वर्षावासाची तयारी करते आहे. एका दुपारी गुरुजी रस्त्यानं जात होते. ते थांबून म्हणाले, "अक्का, डोळ्याचं काय म्हणले बीदरात?"

"म्हणले, नजर भारी हाय."

"मग वाचा बघू एक ओळ. हितली." त्यांनी जवळ येऊन पानाच्या मधोमध बोट ठेवलं.

काकूंच्या सांगण्यानुसार आईनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "आषाढात ऐका. फुकटात ऐकवायला मी रेडिओ न्हाई."

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "येतीस का? न्हाईतर मी एकलीच जाते."

एप्रिलमधल्या एका सोमवारी आम्ही पुन्हा नौबादला गेलो. आईच्या पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी आणि निळ्या कापडात बांधलेला ग्रंथ होता. बाकावर तो जुन्या शहरातला म्हातारा होता. त्याच्या डोळ्याला काळा चष्मा होता आणि तो दाखवायला आला होता.

"अम्मा! वापस?" तो म्हणाला. "पास होको बी वापस?"

"नापास व्हायला आले," आई म्हणाली.

तपासणारी मुलगी तीच होती. तिनं आईला ओळखलं आणि या वेळी थेट नागरी तक्ता लावला.

"ते नको," आई म्हणाली. "ते मला पाठ हाय."

मुलगी हसली. आई हसली नाही. तिनं कापड सोडलं आणि ग्रंथ मुलीच्या हातात दिला.

"मधलं कुठलं बी पान उघड. माझ्यापुढं धर."

मुलीनं पान उघडून धरलं. आईनं स्वतःच डावा डोळा तळहातानं झाकला. पंखा फिरत होता. 

"न्हाई दिसत," आई म्हणाली. "मुंग्या फिरल्यावानी हाय नुस्तं. एक बी अक्षर न्हाई." मग उजवा डोळा झाकला. "ह्या डोळ्यानं रांगा दिसतात. अक्षर लागंना."

मुलगी कागद ओढून लिहायला लागली.

"थांब. आता त्या पानावरचे पहिले दोन शब्द सांग."

मुलीनं ते वाचले. तिचं मराठी वाचन सावकाश होतं, कानडी शाळेतलं. आईनं दोन्ही डोळे मिटले आणि तिथून पुढं म्हणायला लागली. मुलगी ओळीवर बोट ठेवून ऐकत होती. बोट अर्ध्या पानापर्यंत उतरलं. पडदा बाजूला झाला होता आणि दारात तिघं-चौघं उभे होते, त्यात काठी टेकून म्हातारा.

"बरोबर हाय अज्जी," मुलगी म्हणाली. "बास."

"मग लिही. दिसत न्हाई. अन अक्षर येतंय. दोन्ही लिही."

"अक्षराला जागा न्हाई अज्जी ह्या कागदावर."

"कडंला लिही."

मुलीनं कडेला कानडीत दोन शब्द लिहिले. आईनं माझ्याकडं पाहिलं. लिहिता-वाचता येतं, असं लिहिलं आहे, हे मी सांगितलं. मग ती खुर्चीवरून उठली.

डॉक्टरबाईंनी आधीचा कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मागच्या वेळी तुम्ही शेवटची ओळ वाचलीत."

"वाचली न्हाई बाई. म्हणली."

"का?"

"तुमच्या पोरीनं न इचारता काटे लावले."

डॉक्टरबाईंनी मुलीला आत बोलावून कानडीत विचारलं. मुलीनं खरं ते सांगितलं. गर्दी होती, वेळ वाचावा म्हणून लावला, म्हणाली. डॉक्टरबाई आईला म्हणाल्या, "विचारायला हवं होतं. पण आजी, तुम्ही तशाच राहिला असता तर डोळा कुणाचा गेला असता?"

"माझाच," आई म्हणाली. "म्हणून आले की परत."

रक्त आणि दाब तपासून पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. अटी दोन घातल्या गेल्या. सांगितलेले थेंब सांगितल्या वेळी, आणि महिनाभर चुलीपुढं बसायचं नाही. चुलीचं आईला मनातून मान्य झालं नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. मी बाहेर होते. तिला आत नेलं आणि मी चहा घेऊन परत येईपर्यंत बाहेर आणलं. आत तिला डोळा हलवू नका म्हणून सांगितलं होतं. तिनं नंतर सांगितलं की वेळ काढायला ती मनात ग्रंथ म्हणत होती आणि एक प्रकरणही पुरं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. तिनं आधी भिंत पाहिली, मग खिडकी, मग माझ्याकडं पाहिलं.

"केस पिकले की गं तुझे," ती म्हणाली. "कवाधरनं?"

चिंताकीला परतल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडं डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पाहायला जो येतो, तो आधी बोटं दाखवतो. किती हायत? वस्तीतले आले, पलीकडच्या गल्लीतल्या शेतकऱ्यांच्या बायका आल्या, बटईदार आला, आणि प्रत्येकानं खाटेपाशी उभं राहून बोटं धरली.

"मावशी, किती?"

"तुझ्या हाताला जितकी हायत तितकी."

"अक्का, ही किती?"

"मोडून दाखवू का एक? मंग मोज."

काळा चष्मा लावून ती अंगणात बसायची. गल्लीतल्या बायका तिला सिनेमावाली म्हणायला लागल्या. बोटांना तिनं एकदाही आकडा सांगितला नाही. गुरुजी आले तेव्हा मी तिथं होते. त्यांनी हात वर केला, आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याच हातानं टोपी सारखी केली.

"बरं हाय ना, अक्का?"

"बरं हाय, गुरुजी. बसा."

चुलीपुढं ती दहाव्या दिवशी बसली. काकूंनी मला फोन करून सांगितलं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, चष्मा लावून बसले होते, धूर चष्म्याला लागला. त्यानंतर काकूंनी आमच्या घरी आठ दिवस भाकऱ्या पोचवल्या, हेही काकूंनीच सांगितलं.

जूनमध्ये जवळच्या चष्म्यासाठी पुन्हा नौबादला गेलो. ऑपरेशननं लांबचं दिसतं, जवळच्या वाचनाला भिंग लागतं, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. तपासण्याच्या खोलीच्या दाराशी ती मुलगी उभी होती. आत येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी विचारत होती, "कन्नडा, मराठी का खुणा?" आमच्या पुढच्या म्हाताऱ्या बाईनं खुणा सांगितलं, तिला खुणांचा तक्ता लागला. आईला तिनं विचारलं नाही.

"मला इचार," आई म्हणाली.

"अज्जी, तुमचं ठाव हाय मला."

"तरी इचार."

"कन्नडा, मराठी का खुणा?"

"मराठी."

जवळच्या वाचनासाठी एक पुठ्ठा हातात देतात. त्यावर परिच्छेद असतात, मोठ्या अक्षरांपासून बारीकपर्यंत. मुलीनं चौकटीत भिंगं बदलून बदलून पाहिली. तिसऱ्या जोडीला आई थांबली. पुठ्ठ्यावर एका बागेचं साधं वर्णन होतं, ते तिनं याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. तिनं ते वाचलं. सावकाश वाचलं, दोन ठिकाणी मागं जाऊन पुन्हा वाचलं. सगळ्यात बारीक परिच्छेद तिला वाचता आला नाही.

"हे दिसंना," ती म्हणाली आणि पुठ्ठा परत दिला.

चष्मा आठवड्यानं मिळाला.

आषाढ पौर्णिमेच्या संध्याकाळी मी चिंताकीला होते. दिवसभर भुरभूर होती. विहारात सतरंज्या आत ओढून घेतल्या होत्या आणि चपला दाराशी ओल्या पडल्या होत्या. फाल्गुनातल्या बैठकीचा विषय कुणी काढला नाही. वंदना झाली. आई आसनावर जाऊन बसली, निळं कापड सोडलं, चष्मा लावला. पुढच्या रांगेत गुरुजी होते. त्यांच्या हातात त्याच ग्रंथाची दुसरी प्रत होती, पान उघडून मांडीवर ठेवलेली.

आई वाचायला लागली. आधीच्या वर्षांपेक्षा आवाज खाली होता आणि वेग कमी. पहिल्याच पानावर ती एका जोडाक्षरापाशी अडखळली. मागच्या रांगेतल्या दोन सुनांनी एकमेकींकडं पाहिलं. आई मागं गेली, वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचलं आणि पुढं निघाली. पुढच्या पानावर ती थांबली. चष्मा वर सरकवून पानाकडं पाहिलं, खाली घेऊन पुन्हा पाहिलं. मग तिनं एक परिच्छेद वाचला. तो मी गेली काही वर्षं तिच्या तोंडून ऐकलेला नव्हता. बाकीच्यांनीही ऐकलेला नसावा, कारण लोक चुळबुळ करायला लागले.

"अक्का," गुरुजी म्हणाले. "हे मागच्या साली न्हवतं."

"मागच्या साली बी व्हतं," आई म्हणाली. "माझ्या तोंडात न्हवतं. तुमच्या मांडीवर हाय की पुस्तक, बघा."

गुरुजींनी बोट ठेवून ओळ शोधली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "व्हय. हाय."

आईनं तो परिच्छेद पहिल्यापासून पुन्हा वाचला आणि पुढं गेली. प्रकरण संपायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. तोवर कुणी उठलं नाही. पानाच्या शेवटी तिनं बोटाला पाणी लावलं, कोपरा चिमटीत धरून चाचपला आणि पान उलटलं. एकच पान उलटलं गेलं.